घरातलं ऑर्किड दुसऱ्यांदा फुललं का? अनुभव लिहा

ठाणे, पूर्वेची खिडकी
वाढदिवसाला मिळालेलं जांभळं फॅलेनॉप्सिस ऑर्किड अडीच महिने हॉलमध्ये नुसतं मिरवत होतं. आता फुलं गळलीत. उरलीत चार जाड पानं आणि टोकाला वाळलेला दांडा. आधीच्या दोन कुंड्या याच टप्प्यावर पाणी घालघालून मारल्यात मी. ज्यांच्याकडे पुन्हा फुललं त्यांनी लिहा. ज्यांचं मेलं त्यांनी तर लिहाच.

पुणे
मेलेल्यांत पहिला नंबर माझा. हौसेने मोठ्या कुंडीत लाल माती आणि शेणखत घालून लावलं. पानं पिवळी पडली म्हणून उपटून बघितलं, तर मुळं भिजलेल्या शेवयांसारखी. चिमटीत धरून ओढलं की साल निसटायची आणि हातात नुसता दोरा.

सावंतवाडी
अहो, माती कशाला! आमच्याकडे मे-जूनात झाडांवर सीतेची वेणी, म्हणजे रानातलं ऑर्किड, लोंबते, तिला कोण शेणखत घालतं? फॅलेनॉप्सिस तिची लांबची बहीणच. झाडाच्या सालीला मुळांनी धरून राहते, पण बांडगुळासारखी झाडाचं खात नाही. पाऊस पडला की भिजायचं, वाऱ्याने सुकायचं, एवढंच तिला ठाऊक. मी नारळाच्या सोडणाचे तुकडे दोन दिवस पाणी बदलत भिजवते आणि त्यात लाकडी कोळसा मिसळते. कुंडी लहानच.

मुंबई
कुंडी पारदर्शक घ्या, अर्धं काम तीच करते. मुळं चंदेरी दिसली की पाणी, हिरवी असतील तर हात लावायचा नाही. मी दहा मिनिटं बादलीत बुडवून निथळत ठेवतो. पावसाळ्यात दहा-दहा दिवस पाणी लागत नाही. मात्र एकदा वरून ओतलं, ते मधल्या पानांच्या बेचक्यात रात्रभर साचलं आणि गाभाच काळा पडला. आता कापसाने टिपून घेतो.

डोंबिवली
आमचा घात आंब्यांनी केला! सात कळ्या धरल्या होत्या. हापूसची पेटी आली ती त्याच टेबलाखाली सरकवली. चार दिवसांत कळ्या एकेक करून पिवळ्या पडल्या आणि टपटप गळल्या. पिकणाऱ्या फळांतून एथिलीन वायू निघतो आणि या कळ्यांना तो सोसत नाही, हे नंतर कळलं. केळ्यांचा घडसुद्धा लांबच ठेवा. (आंबे मात्र उत्तम निघाले.)

नाशिक
पुन्हा फुलायला रात्रीचा गारवा लागतो. माझं वर्षभर नुसती पानं काढत बसलं होतं. डिसेंबरात पडदा सारून खिडकीशी ठेवलं, रात्री 16-18 अंशांपर्यंत उतरायचं. महिन्याभराने पानाखालून हिरवं टोक डोकावलं. आधी मूळच वाटलं. पण मुळाचं टोक गोल, गुळगुळीत असतं. हे फुलांच्या नव्या दांड्याचं टोक चपटं होतं, फक्त अंगठा वेगळा असलेल्या हातमोज्यासारखं. थेट उन्हात मात्र ठेवू नका, पानं भाजतात.

ठाणे, पूर्वेची खिडकी
सगळ्यांचं वाचून आत्ता कुंडी उपडी केली. धड मुळं पाच, बाकीच्या शेवया. त्या कापून टाकल्या. दांडा खाली अजून हिरवा आहे, म्हणून तिसऱ्या पेराच्या जरा वर छाटलाय. तिथूनही कधीकधी फाटा फुटतो म्हणे. सोडणं भिजत घातलीत. आणि यंदा हापूसची पेटी सासऱ्यांच्या खोलीत.