‘कोर्ट’चा शेवट: चित्रपट काळोखात संपतो की थपडेत?

दीपस्तंभ, रत्नागिरी
चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’च्या (२०१४) शेवटावर मत मांडतो. विसरलेल्यांसाठी थोडक्यात: गटारसफाई करणारे वासुदेव पवार मॅनहोलमध्ये मरतात. लोकशाहीर नारायण कांबळे यांच्या गाण्यामुळे त्यांनी जीव दिला, असा आरोप होतो. म्हणजे तेव्हाच्या भारतीय दंड संहितेचं कलम ३०६, आत्महत्येला प्रवृत्त करणं. कांबळेंना जामीन मिळतो, पण पुढे यूएपीएखाली, म्हणजे बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्याखाली, पुन्हा अटक होते. मग कोर्टाची उन्हाळी सुट्टी लागते, माणसं निघून जातात, दिवे मालवतात आणि पडदा काळा होतो.

माझ्या मते चित्रपट तिथेच संपला. त्यानंतर न्यायाधीश सदावर्ते रिसॉर्टवर सहलीला जातात, बाकावर डुलकी काढतात, पोरं ओरडून दचकवतात, ते एकाला थप्पड मारतात आणि पुन्हा डोळे मिटतात. हे शेपूट कशाला? जवळजवळ दोन तास बोट न दाखवता सांगितलेली गोष्ट इथे बोट धरून दाखवली आहे. काळ्या पडद्यात जे होतं त्याला थपडेची गरज नव्हती.

सुरंगी, वेंगुर्ले
अजिबात पटलं नाही. शेपूट म्हणण्याआधी चित्रपटाची बांधणी बघा. बचावाचे वकील व्होरा कोर्टातून निघाले की कॅमेरा त्यांच्यामागून वाइन-चीज घ्यायला जातो, त्यांच्या आईवडिलांच्या घरी जातो. सरकारी वकील नूतन घरी जाऊन स्वयंपाक करतात, कुटुंबासोबत नाटकाला जातात आणि परप्रांतीयांवरच्या त्या नाटकाला सगळं थिएटर टाळ्या देतं. दोघांचं घर दाखवलं, तिसरा राहिला. तो तिसरा म्हणजे सहल. काळोखात थांबला असता तर न्यायाधीश फक्त एक खुर्ची राहिले असते, आणि खुर्चीवर रागावणं सोपं असतं.

आणखी एक. सहलीत सदावर्ते ओळखीच्या माणसाला एका मुलाचं नाव बदलायला, बोटात खड्याची अंगठी घालायला सांगतात. हेच सदावर्ते बिनबाह्यांचा कपडा घातला म्हणून एका बाईची केस त्या दिवशी ऐकत नाहीत. दोन्ही दृश्यं जोडून बघा, सहल उपरी वाटणार नाही.

पाटपाणी, देवगड
सुरंगीताई, बांधणी मान्य. पण थप्पड म्हणजे निकाल, हे म्हणायला का कचरायचं? दुबळ्यावर हात उगारायचा आणि परत झोपायचं. माका तरी दुसरो अर्थ दिसणा नाय. आपल्या दशावतारात राक्षस रंगपटातून बाहेर पडला की पोरालाही कळतं कोण कोण आहे. इथे तेवढं उघड केलं तर बिघडलं काय?

सुरंगी, वेंगुर्ले
दशावतारात राक्षसाला तोंड रंगवलेलं असतं, दादा, म्हणून तो राक्षस. सदावर्तेंना कुणी रंगवलेलं नाही. साखरझोपेत कानाशी ओरडल्यावर हात उचलणारे आजोबा घरोघरी आहेत. मे महिन्यात तारकर्लीला, गणपतीपुळ्याला अशा सहलींच्या बसगाड्या रोज उतरतात, त्यात हे गृहस्थ सहज खपून जातील. त्यांना खलनायक केलं की प्रश्न एका माणसापुरता उरतो.

बांदावळ, सावंतवाडी
थप्पड की झोप, यावर तुम्ही भांडताय. मला महत्त्वाचं वाटतं ते टंकलेखन. कोर्टातली दृश्यं पुन्हा लावा आणि फक्त सदावर्तेंचं तोंड बघा. साक्षीदार बोलतो मराठीत किंवा हिंदीत, मग सदावर्ते ते आपल्या इंग्रजीत मजकूर सांगतात आणि टाइप होतं तेवढंच नोंदीत जातं. वासुदेवची बायको सांगते, की उतरण्याआधी तो मॅनहोलमध्ये खडा टाकायचा, झुरळ बाहेर आलं तर आत श्वास घेता येईल असं समजून खाली जायचा. वायूमुळे त्याचा एक डोळा गेला होता. वास सहन व्हावा म्हणून प्यायचा. तो कसा मेला याचं उत्तर झुरळाच्या या एका वाक्यात आहे, शेवटात नाही. म्हणून ‘शेवट संदिग्ध’ असं कुणी म्हटलं तर ते मला अर्धवट वाटतं. मृत्यूचं कारण प्रेक्षकाला मधेच कळलंय, कांबळे सुटणार कधी तेवढंच लटकलंय.

सहलीत टाइप करणारं कुणी नाही. थप्पड कुठल्याच नोंदीत जात नाही, पोर रडतं आणि विषय मिटतो. दिवसभर नोंदी सांगणारा माणूस आणि एक न नोंदलेली मार, हे समोरासमोर ठेवायला सहल हवीच.

सुट्टीचंही बघा. यूएपीएच्या कलम ४३-ड(५) प्रमाणे आरोप प्रथमदर्शनी खरा वाटला तर जामीन देता येत नाही. कांबळेंसारख्या आजारी, वयस्क कैद्याला कोर्टाची सुट्टी म्हणजे आणखी तुरुंग. सदावर्ते जितका वेळ बाकावर डुलतात तितका वेळ कांबळे आत आहेत. हे कुठे बोललेलं नाही, पण दोन्ही गोष्टी एकाच कॅलेंडरवर आहेत.

पाटपाणी, देवगड
नोंदीचा मुद्दा माझ्या ध्यानातच आला नव्हता. तरी थप्पड निकालच, फक्त बिनकागदाचा.

दीपस्तंभ, रत्नागिरी
बांदावळ, तुमच्या बोलण्याने सहलीकडे बघायची नजर बदलली, हे कबूल करतो. पण एका गोष्टीवर मी हटणार नाही. काळा पडदा आल्यावर निम्मे लोक चित्रपट संपला म्हणून उठतात, त्यांचा सहलीतला पहिला मिनिटभर चपला शोधण्यात जातो, आणि नंतर थप्पड तेवढी लक्षात राहते, अंगठीचं बोलणं निसटतं. म्हणून कुणी गावात दाखवणार असेल तर काळोख झाल्यावर हॉलचे दिवे लावू नका, दारही उघडू नका. श्रेयनामावली वर सरकायला लागेपर्यंत थांबा.

सुरंगी, वेंगुर्ले
आणि आवाज कमी करू नका. पोरांची ती आरोळी प्रेक्षकालाही दचकवायला हवी. सदावर्ते का दचकले ते तेव्हाच अंगावर येतं.