मदत हवी आहे: शिवराई घेताना फुल लेजेंड (नाण्यावरचा पूर्ण मजकूर) बघू की चांगला सरफेस?

नमस्कार मंडळी,

शिवराईबद्दल, म्हणजे शिवाजी महाराजांच्या नावाच्या तांब्याच्या नाण्याबद्दल, जाणकारांचा सल्ला हवाय. बजेट एकाच नाण्याचं आहे आणि समोर दोन आहेत, विक्रेत्याने रविवारपर्यंत दोन्ही बाजूला ठेवायचं कबूल केलंय म्हणून जरा घाई आहे.

पहिली, हिला अ म्हणू. ठसा अगदी मधोमध बसलाय, श्री, राजा, शिव तिन्ही ओळी पूर्ण, डावीकडे ठिपक्यांची किनारसुद्धा दिसते, मागे छत्र पति पूर्ण. पण सरफेस खराब, बारीक खड्डे आणि 'जा'च्या कान्याजवळच्या खड्ड्यांत फिकट हिरवं काहीतरी भरलंय.

दुसरी ब. हिचा सरफेस बघून प्रेमातच पडावं असा, गडद चॉकलेटी एकसारखा पाटिना (काळानुसार तांब्यावर चढलेला थर), कुठे खड्डा नाही, कुणी चिंच-लिंबू लावून घासलेली नाही. पण ठसा खाली सरकलाय त्यामुळे श्रीच्या वर नुसतं तांबं रिकामं, राजा पूर्ण, आणि शिवची फक्त शिरोरेघ कडेला टेकून संपते. मागे छत्र ठळक पण पतिमधला ति चकतीवर आलेलाच नाही.

यूट्यूबवर जे सांगतात ते बहुतेक मशीनच्या नाण्यांबद्दल असतं, म्हणजे अमेरिकेच्या न्यू ऑर्लिन्स टांकसाळीच्या मॉर्गन डॉलर या जुन्या चांदीच्या नाण्यावर चेहऱ्याच्या कानावरचे केस सपाट उठतात तरी लोक आधी चमक आणि ओरखडे बघतात, आपल्याकडे १९११ चा पंचम जॉर्जचा रुपया घेतानाही तेच. तिथे ठशातला फरक बारीक असतो, नाव-साल तर प्रत्येक नाण्यावर येतंच. शिवराई हाताने पाडलेली, डाय (ठसा उठवायचा साचा) बऱ्याचदा चकतीपेक्षा मोठा, हातोड्याचा घाव जिथे बसला तिथलंच उठलं, म्हणून पूर्ण नाव असलेलं नाणं मिळणंच अवघड. नाणी तपासून दर्जा देणारी एनजीसी कंपनी आहे, ते प्राचीन ग्रीक-रोमन नाण्यांना स्ट्राइक (ठसा) आणि सरफेसचे वेगवेगळे ५ पैकी गुण देतात, ती पद्धत मला इथे जास्त पटते. तसे द्यायचे तर अ ला मी ५ आणि २ देईन, ब ला २ आणि ५. बेरीज सारखीच, म्हणूनच अडलंय 🙏

माझा कल अ कडे आहे. १६७४ ला रायगडावर राज्याभिषेक झाला आणि आपल्या राजाचं नाव आपल्या लिपीत नाण्यावर आलं, ते नाव मला हातात धरून पूर्ण वाचायचंय. पण मी रत्नागिरीत राहतो, पावसाळ्यात कपाटातल्या पुस्तकांना बुरशी येते, तिथे ते हिरवं वाढत गेलं तर? आणि फुल लेजेंडसाठी खड्डे किती चालवून घ्यायचे, याचा काही अंदाज तुम्ही लोक ठेवता का?

प्रतिसाद: तांबेप्रेमी

आधी ते हिरवं जिवंत आहे की मेलेलं ते बघा, बाकी सगळं नंतर. गडद हिरवा, घट्ट, धातूला चिकटलेला थर असेल तर तो स्थिर पाटिना, त्याला हातही लावू नका. फिकट, पावडरसारखं आणि लाकडी टूथपिकने अलगद टोचल्यावर सुटत असेल तर तो क्लोराइडचा रोग, ओल मिळाली की पुन्हा उगवतो आणि तांबं आतून खात जातो. कोकणात तर विचारूच नका. तसं निघालं तर ठसा कितीही सुंदर असो, सोडून द्या.

मेलेलं असेल तर माझं मत अ. कारण सरळ आहे, जे उठलंच नाही ते पुढे कधी येणार नाही. शिवाय श्री राजा शिव हा मजकूर महाराजांच्या नंतरही चालू राहिला, पेशवाईत दुदांडी (मागे दोन आडव्या रेघा असलेली) शिवराई आली, आणि शिव, शीव, सिव अशी लेखनं वेगवेगळी सापडतात. तुमच्या ब वर नेमका तोच शब्द नाही, मग ती कुठल्या प्रकारात ठेवणार?

खड्ड्यांचं म्हणाल तर मी अक्षराची कड बघतो. मोकळ्या मैदानात, म्हणजे अक्षरांभोवतीच्या रिकाम्या जागेत, खड्डे असले तर चालवून घेतो, पण खड्ड्याने वेलांटी खाल्ली असेल आणि शि की शी कळत नसेल तर त्या फुल लेजेंडला अर्थ उरत नाही.

प्रतिसाद: जुनीनाणी

वरच्यांशी थोडा असहमत. ब चं राजा कसं उठलंय ते बाजूने टॉर्च मारून बघा. झिजलेलं अक्षर वरून गुळगुळीत सपाट असतं आणि आजूबाजूचं मैदानही तसंच, ठसा कमी बसला असेल तर त्या जागी चकतीचा मूळ खडबडीतपणा दिसतो. जिथे घाव बसलाय तिथे अक्षर खोल आणि धारदार असेल तर डाय कोरणाऱ्याचा हात त्या एका शब्दात दिसतो, खड्डेवाल्या नाण्यात तो कधीच दिसत नाही. मी ब घेईन. पण तुम्हाला नाव वाचायचंय म्हणताय, मग तुमच्यासाठी अ. दोन्हींचं वजन मात्र करून घ्या, जुन्या शिवराया जड असतात आणि दुदांडी हलक्या.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. वेलांटीचा मुद्दा माझ्या डोक्यातच नव्हता, आत्ता फोटो मोठा करून बघितला तर शिवची वेलांटी शाबूत आहे, खड्डे सगळे राजाच्या खाली आणि उजव्या कडेला. विक्रेत्याला टूथपिकचं विचारलं, समोर येऊन करा म्हणाला. रविवारी लुप (भिंग), टॉर्च आणि छोटा वजनकाटा घेऊन जातो. हिरवं सुटलं तर ब, नाही सुटलं तर अ. अ घेतली तर ठेवायची कशी तेही सांगून ठेवा, सिलिका जेल घालून हवाबंद डब्यात पुरेल की आधी डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजवून, नीट वाळवून मग ठेवू?