मदत हवी आहे : मुलीला निवासी लेखन शिबिराला पाठवावे का?

लेस्टरकर_आई
नमस्कार. माझ्या मुलीला सर्जनशील लेखनाच्या निवासी शिबिराला जायचे आहे आणि संमतिपत्र शुक्रवारपर्यंत द्यायचे आहे. घरात दोन तट पडले आहेत. लिहायचे असेल तर घरच्या टेबलावरही लिहिता येते, त्यासाठी पैसे भरून दुसरीकडे राहायला कशाला जायचे, असे तिच्या बाबांचे म्हणणे आहे. तेथे नेमके काय शिकवतात हेच मला उमगलेले नाही, कारण मुलीला विचारले की ती "सगळे असते" एवढेच सांगते. ज्यांची मुले जाऊन आली आहेत त्यांनी कृपया लवकर लिहावे. आम्ही शाकाहारी आहोत.

तिसरा_प्रहर
मुलीचे वय किती, शिबिर कोठे आहे, ती एकटी जाणार आहे की शाळेच्या गटाबरोबर, यांपैकी काहीच आपण लिहिलेले नाही. दुखते कोठे हे न सांगता औषध मागितले, तर वैद्य काय देणार?

लेस्टरकर_आई
शाळेतर्फेच, एकटी कशी जाईल? पंधरा वर्षांची आहे. इथे इंग्लंडमध्येच आर्वन संस्थेचे लम बँक नावाचे केंद्र आहे, सोमवार ते शुक्रवार. आता तरी कोणी उत्तर द्यावे.

कृष्णाकाठ
ताई, माझे ऐकाल तर हे पैसे विमानाच्या तिकिटाला लावा आणि मुलीला सुट्टीत पाचगणीजवळच्या भिलारला घेऊन जा. २०१७ पासून ते पुस्तकांचे गाव आहे, घराघरांत मराठी पुस्तके मांडलेली आहेत, आणि आपल्या भाषेशी नाते जडल्याशिवाय लिहिण्याला बैठक येत नाही.

पेनाइन_पायवाट
भिलार सुंदरच आहे, पण ते वाचणाऱ्यांसाठी आहे. तेथे मुलीचा कच्चा खर्डा घेऊन कोणी तिच्याशेजारी बसणार नाही. माझा मुलगा शाळेच्या गटाबरोबर लम बँकला जाऊन आला आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आर्वन ही जॉन फेअरफॅक्स आणि जॉन मोट या दोन कवींनी १९६८ साली सुरू केलेली संस्था आहे. शाळेच्या चौकटीबाहेर, लिहिणाऱ्या माणसांच्या सहवासात मुलांना काही दिवस राहता यावे, हा तिच्यामागचा विचार आहे. लम बँक हे वेस्ट यॉर्कशायरमध्ये हेप्टनस्टॉल गावाच्या खालच्या उतारावरचे, एका गिरणीमालकाचे जुने घर असून पुढे ते कवी टेड ह्यूज यांच्याकडे होते. १९७५ पासून तेथे संस्थेचे केंद्र आहे. माझ्या मुलाच्या आठवड्यात दोन लेखक मार्गदर्शक म्हणून मुक्कामाला होते, सकाळी सर्वांनी एकत्र लिहायचे, दुपारी स्वतःचे लेखन करायचे आणि ठरलेल्या वेळी एका मार्गदर्शकासमोर एकट्याने बसून आपल्या मजकुरावर बोलायचे, असा क्रम होता. मधल्या एका संध्याकाळी पाहुणा लेखक येऊन वाचन करून गेला, तर शेवटच्या रात्री मुलांनी आपापले लेखन वाचून दाखवले. सोबत आलेल्या शिक्षकांनाही लिहावे लागले आणि मुलांना त्याचेच सर्वांत जास्त अप्रूप वाटले. संध्याकाळचा स्वयंपाक मुलेच पाळीपाळीने करत.

जुना_वाचक
लेखन शिकवता येत नाही. आमच्या पिढीतल्या कोणत्या लेखकाने शिबिर केले होते?

पेनाइन_पायवाट
व्याकरणासारखे ते शिकवता येते, असे मी कोठेही म्हटलेले नाही. ज्याला मुलाला गुण द्यायचे नाहीत आणि त्याचे कौतुक करण्याचीही ज्याच्यावर सक्ती नाही, असा जाणता माणूस पंधरा वर्षांच्या मुलाची कविता ओळ न् ओळ वाचतो, हे घरच्या टेबलावर होत नाही. माझ्या मुलाच्या दोन पानांतली शेवटची चार वाक्ये तेवढी ठेवण्यासारखी आहेत, असे त्याला सांगितले गेले आणि ते त्याने मुकाट्याने ऐकले. मी सांगितले असते तर दार आपटले असते.

रुळांवरून
मँचेस्टरहून किंवा लीड्सहून रेल्वेने हेब्डन ब्रिजला उतरावे. तेथून हेप्टनस्टॉलचा चढ फारच उभा असल्याने चाकांची बॅग नेऊ नये.

लेस्टरकर_आई
शाळेची बस आहे. पैशांचे आणि जेवणाचे कोणी बोलेल का?

तिसरा_प्रहर
शुल्क जड वाटत असेल तर शाळेलाच विचारावे, कारण सवलतीची किंवा मदतनिधीची माहिती त्यांच्याकडे असते आणि विचारल्याशिवाय ती बहुधा सांगितली जात नाही. शिवाय मुलगी कविता लिहीत असेल, तर ब्रिटनमधील पोएट्री सोसायटी या कवितेच्या संस्थेची फॉइल यंग पोएट्स ही ११ ते १७ वयोगटाची स्पर्धा आहे. तिला प्रवेशशुल्क नाही आणि अव्वल ठरलेल्या विजेत्यांमधील मोठ्या मुलांना बक्षीस म्हणून निवासी लेखनवर्ग मिळत आला आहे. मात्र ती वाट शंभर विजेत्यांच्या यादीतून जाते, त्यामुळे तिच्या भरवशावर हे संमतिपत्र अडवून ठेवू नये.

पेनाइन_पायवाट
शाकाहाराची अडचण येत नाही. मात्र इकडे शाकाहारी म्हटले की अंडे चालते असे गृहीत धरतात, तेव्हा चालत नसल्यास आहाराच्या रकान्यात तसे स्वतंत्र लिहावे. मुलीला निदान वरणभात करता येतो का, हेही एकदा पाहून ठेवावे, कारण एका संध्याकाळी सगळ्या घराचे जेवण तिच्या गटाकडे असेल.