मदत हवी आहे: काही लेख डेटाबेसमध्ये कचरा होऊन पडतात, काही अर्धेच

वेबवरचे लेख उतरवून मायएसक्यूएल डेटाबेसमध्ये साठवणारी छोटी स्क्रिप्ट आहे. भाषा पायथन, पानं उतरवायला रिक्वेस्ट्स लायब्ररी. टेबल, कॉलम सगळं 'यूटीएफ८' (अक्षरं बाइटमध्ये लिहिण्याची पद्धत), तरी घोळ आहेतच.

काही साइटींचं देवनागरी धड येतं. काहींचं मात्र एकेका अक्षराचं तीन-तीन चिन्हांत रूपांतर होतं: डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए, मग चलनाचं गोल चिन्ह किंवा येनचं, मग तिसरं काहीतरी. शिवाय काही लेख मध्येच तुटतात, एररही येत नाही. मूळ पान उघडलं तर नेमका तुटल्या जागी इमोजी असतो. आणि अवतरणचिन्हांऐवजी 'अँपरसँड-क्वॉट-सेमीकोलन' जसंच्या तसं उमटतं, ते वेगळंच.

कोलेशन बदलून पाहिलं, ढिम्म फरक नाही. जुना मजकूर वाचवता येईल का?

प्रतिसाद १

कोलेशन फक्त तुलना आणि क्रम ठरवतं, त्याने बाइट बदलत नाहीत. आधी बिघडलेल्या ओळीवर हेक्स फंक्शन (साठवलेले बाइट दाखवणारं) चालवा. 'म' हे अक्षर ई०-ए४-एई असं ३ बाइटचं दिसायला हवं. सी३-ए०-सी२-ए४-सी२-एई असे ६ बाइट दिसले तर मजकूर दोनदा एन्कोड झालाय, आणि काही साइटींचं धड येतंय म्हणजे तो डेटाबेसपर्यंत पोचण्याआधीच.

मला संशय रिक्वेस्ट्सचा आहे. साइटच्या सर्व्हरने हेडरमध्ये कॅरेक्टर सेट (पान कोणत्या पद्धतीने एन्कोड केलंय ते) सांगितला नसेल तर ही लायब्ररी टेक्स्ट पानाला आयएसओ-८८५९-१, म्हणजे लॅटिन-१, समजते. 'टेक्स्ट' ऐवजी 'कंटेंट' मधले कच्चे बाइट घ्या आणि पार्सरला (एचटीएमएल वाचणाऱ्या लायब्ररीला) पानातला मेटा टॅग वाचू द्या, कॅरेक्टर सेट तिथेही लिहिलेला असतो.

इमोजीचं कारण वेगळं. मायएसक्यूएलचं जुनं 'यूटीएफ८' एका अक्षराला ३ च बाइट देतं. देवनागरी त्यात बसतं म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. इमोजीला ४ लागतात. स्ट्रिक्ट मोड (न बसणाऱ्या डेटावर एरर देणारी सेटिंग) बंद असला की तिथून पुढचं सगळं गुपचूप कापलं जातं. यूटीएफ८एमबी४ करा, कॉलमचं आणि कनेक्शनचंही. कनेक्शन हमखास विसरतात.

धागाकर्ता

हेक्समध्ये ६ बाइटच निघाले, आणि त्या साइटींच्या हेडरमध्ये खरंच कॅरेक्टर सेट नाही! पण एमबी४ करताना युआरएलच्या कॉलमवर अडलं: 'इंडेक्सची की फार लांब, कमाल ७६७ बाइट'.

प्रतिसाद १

कॉलम २५५ अक्षरांचा असणार. २५५ गुणिले ३ म्हणजे ७६५, जेमतेम बसत होतं. गुणिले ४ केले की १०२०. रो फॉरमॅट (ओळी साठवायची पद्धत) डायनॅमिक करा, मर्यादा ३०७२ होते, मायएसक्यूएल ५.७ पासून तोच डिफॉल्ट आहे. तुमचा सर्व्हर जुना दिसतो, तिथे सोबत 'इनोडीबी लार्ज प्रिफिक्स' आणि 'बाराकुडा' फाइल फॉरमॅट या सेटिंगही चालू कराव्या लागतील. अपग्रेड जमत नसेल तर इंडेक्स पहिल्या १९१ अक्षरांवरच ठेवा. युनिक इंडेक्स (एकच मूल्य दोनदा न घेणारा) असेल तर मात्र सांभाळून, लांब युआरएल एकमेकांशी भिडतील.

प्रतिसाद २

जुन्या ओळी दुरुस्त करायला मायएसक्यूएलच्या कन्व्हर्ट फंक्शनची लांबलचक क्वेरी सुचवतात, ती इथे नको. मायएसक्यूएलचं 'लॅटिन१' हे प्रत्यक्षात विंडोज-१२५२ आहे. अनुस्वाराचा शेवटचा बाइट ८२, तो तिथे प्रश्नचिन्ह होऊन कायमचा जाईल. पायथनमध्येच लॅटिन-१ ला एन्कोड करून यूटीएफ-८ ने डिकोड करा. धड देवनागरी असलेल्या ओळीवर एन्कोड करतानाच एरर येते, त्यामुळे ती ओळ आपोआप वगळता येते. बॅकअप घ्याच. तुटलेले लेख मात्र पुन्हा उतरवावे लागतील.

अवतरणचिन्हांचं म्हणाल तर साठवताना एस्केप करताय (चिन्हांऐवजी त्यांचे एचटीएमएल कोड लिहिताय) आणि पान बनवणारं टेम्प्लेट दाखवताना परत करतंय. साठवताना मूळ मजकूर ठेवा, एस्केप फक्त दाखवताना. क्वेरीतल्या अवतरणांची काळजी पॅरामीटर (क्वेरीपासून वेगळी दिलेली मूल्यं) घेतात, स्ट्रिंग जोडून क्वेरी बनवत असाल तर ते आजच थांबवा.

धागाकर्ता

पायथनचा उपाय चालला, अनुस्वारासकट. युआरएलवर युनिक इंडेक्सच आहे, म्हणून रो फॉरमॅट बदलतोय. तुटलेल्या लेखांची यादी काढायला घेतली आहे. त्यातली काही मूळ पानं आता उघडत नाहीत.