दीड दिवसाचे गणपती गेले त्या दिवशी मोदकपिठाचा मेल गेला! ऋतूप्रमाणे मेल कसे पाठवता?

जांभाचिरा
मंडळी, सल्ला हवाय. गुहागरजवळ आमचा घरगुती धंदा आहे. एप्रिल-मेमध्ये हापूस, पुढे कोकम आगळ आणि फणसपोळी, गणपतीला मोदकपीठ, दिवाळीला फराळ. करतात आई आणि मावशी, मेल मी पाठवतो. यादीत २,३०० पत्ते, सगळे कधी ना कधी काही घेतलेलेच.

२०२४ मध्ये २८ ऑगस्टला पाठवलेल्या मेलवर मोदकपिठाच्या ऑर्डरी छान आल्या. म्हणून शहाणपणा करून तो मेल 'दरवर्षी याच तारखेला' असा लावून टाकला. २०२५ ला गणपती २७ ऑगस्टलाच बसले. एका काकूंनी उत्तर पाठवलं, "बाप्पा निघाले रे बाळा, आता पुढच्या वर्षी." अठरा किलो पीठ उरलं. महिनाभर घरात उकड आणि घावन.

कुठलं सॉफ्टवेअर घेऊ?

पेठेतला_पोस्टमन
आधी भिंतीवरचं कॅलेंडर घे, सॉफ्टवेअरचं नंतर बघू. चतुर्थी २०२३ ला १९ सप्टेंबरला होती, २०२४ ला ७ सप्टेंबर, २०२५ ला २७ ऑगस्ट, २०२६ ला १४ सप्टेंबर. दरवर्षी साधारण अकरा दिवस अलीकडे येते आणि अधिक महिना पडला की उडी मारून पुढे जाते. दिवाळीचंही तसंच. तेव्हा सणाचे मेल 'चतुर्थीआधी तीन आठवडे' असे मोज आणि जानेवारीत एकदाच बसून वर्षाच्या तारखा हाताने भर. तासाभराचं काम आहे.

आणि २०२६ मध्ये १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आहे, हे मावशींच्या कानावर घाल. धोंड्याचा महिना! जावयाला तेहतीस अनारसे द्यायचे, आणि शहरात तांदूळ तीन दिवस भिजवून पीठ मुरवत बसायला सवड कोणाला? हा मेल एप्रिलच्या शेवटीच जायला हवा. तोही आंब्याच्या मेलमध्ये कोंबू नकोस, वेगळा पाठव.

एक रुक्ष गोष्ट. धंद्याचा मेल साध्या जीमेलच्या पत्त्यावरून मेलिंग सेवेतून सोडत असशील तर थांबव, तो स्पॅममध्ये पडायची दाट शक्यता. स्वतःचं डोमेन, म्हणजे दुकानाच्या नावाचा इंटरनेट पत्ता घे, एसपीएफ आणि डीकेआयएम (मेल खरंच तुझ्या डोमेनवरून आलाय हे पटवणाऱ्या नोंदी) लावून घे. जीमेलने फेब्रुवारी २०२४ पासून यातलं निदान एक तरी सगळ्यांनाच सक्तीचं केलंय, आणि दिवसाला पाच हजारांवर मेल सोडणाऱ्यांना दोन्ही. 'मेल नकोत' हे बटण ठळक ठेव. लोकांना ते सापडलं नाही की ते स्पॅमचं बटण दाबतात. ते प्रमाण ०.३ टक्क्यांच्या वर गेलं तर चांगले मेलही पोचेनासे होतात.

पडवळवाडी
आमची देवगडला बाग आहे. आंब्याच्या मेलमध्ये तारीख देऊच नका. मोहर उशिरा आला, अवकाळी पडला, की पहिली तोड पंधरा-वीस दिवस पुढे जाते आणि लोक फोनवर फोन. आम्ही आता तीन मेल करतो. मोहराचा फोटो, मग कैरीचा, मग "उद्या तोड, पेट्या अमुक". पहिल्या दोनमध्ये विकायचं काहीच नसतं, तरी लोक आवर्जून उत्तरं देतात. दहा महिने गप्प बसून एकदम एप्रिलमध्ये पेटीचा भाव कळवला की लोकांना आपण कोण तेच आठवत नाही.

यारा_काठची
गिऱ्हाईक म्हणून बोलू? मी मेलबर्नला असते. एका घरगुती दुकानातून एकदाच चकल्या मागवल्या, तेव्हापासून आंब्याचे मेल सुरू. तुमच्याकडची पेटी पार्सलने इथे आणता येत नाही हो, विमानतळावर कुत्री हुंगत असतात! मे महिन्यात "उन्हाची काहिली, घ्या कोकम सरबत" आलं तेव्हा मी स्वेटर घालून बसले होते. तेच डिसेंबरमध्ये पाठवलं असतं तर वाचलं तरी असतं. आणि फराळाचं आम्हाला दिवाळीआधी किमान दीड महिना कळवा.

पेठेतला_पोस्टमन
बघ, हेच. यादीचे तुकडे कर. कोणी काय घेतलं आणि पार्सल कुठे गेलं, एवढे दोन रकाने पुरेत. आणि किती जणांनी मेल उघडला यावर जाऊ नकोस. ॲपलच्या मेल ॲपमध्ये २०२१ पासून माणसाने न उघडताच 'उघडला' अशी नोंद होऊ शकते. ऑर्डरी मोज, आलेली उत्तरं मोज.

जांभाचिरा
रात्री वही काढून बसलो. २,३०० पैकी १४० पत्ते परदेशातले निघाले, त्या सगळ्यांना मी दोन वर्षं पेटीचा भाव कळवतोय. यारा_काठची, ते घरगुती दुकान आमचं तर नव्हे? असेल तर माफी, आणि चकलीचा डबा माझ्याकडून.

अनारशांचं मावशीला विचारलं. "तेहतीस गुणिले किती जावई, ते आधी सांग," म्हणाली. तर पोस्टमनदादा, आगाऊ ऑर्डरीचे पैसे मेलमधूनच घेता येतील का?