मदत हवी आहे : परसातील हळद, आंबेहळद, कचोरा आणि रानहळद यांत फरक कसा ओळखावा, आणि कोणती कशासाठी वापरावी?

नमस्कार.

सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळजवळ आमचे जुने घर आहे. सासूबाई गेल्यानंतर ते बराच काळ बंद होते आणि यंदा मृगाच्या आधी आम्ही तेथे कायमचे राहायला आलो. पाऊस सुरू होताच परसात हळदीसारखी दिसणारी झाडे ठिकठिकाणी वर आली आहेत. शेजारच्या काकू त्या सगळ्यांना हळदच म्हणतात. माडाच्या कामाला येणारे आजोबा मात्र गडग्याकडच्या (दगडी कुंपणाकडच्या) झाडांना कचोरा म्हणतात आणि उतारावरच्या झाडांचे कंद खाऊ नका असे बजावतात. नागपंचमीला पातोळ्यांसाठी (हळदीच्या पानात उकडलेल्या गोड पदार्थासाठी) पाने हवी आहेत आणि पुढे कंद मिळाले तर घरची हळदपूड करण्याचा विचार आहे; पण नीट ओळख पटल्याशिवाय यांतले काहीही स्वयंपाकात घ्यायचे नाही, असे आम्ही ठरवले आहे.

झाडे तीन जागी आहेत. मोरीच्या पाण्यावर, केळींच्या बुंध्याशी असलेली झाडे कमरेच्या खाली आहेत. पाने लांबट, दोन्ही बाजूंनी गुळगुळीत, एकसारखी हिरवी, आणि मधल्या शिरेपासून तिरक्या समांतर शिरा निघालेल्या. पान चुरडले की ओळखीचा, किंचित तिखट असा सुगंध येतो. त्यांना अजून फूल नाही. गडग्याच्या कडेची झाडे यांच्यापेक्षा उंच आणि रुंद पानांची आहेत, आणि त्यांच्या बहुतेक पानांवर मधल्या शिरेच्या दोन्ही अंगांना तांबूस जांभळा पट्टा आहे. काकूंच्या सांगण्याप्रमाणे पानांच्या आधी, वळवाच्या पावसानंतर, तेथे उघड्या जमिनीतूनच गुलाबी शेंड्याचे तुरे आले होते. तिसरी जागा फणसाखालचा उतार. तेथे झाडे ठेंगणी आहेत, पानांच्या मधून तुरा आला आहे, त्याचा शेंडा जांभळट गुलाबी आहे आणि खालच्या हिरव्या पाकळ्यांतून पिवळीधमक फुले डोकावत आहेत.

माझे प्रश्न असे आहेत. यांतली खरी हळद कोणती, आणि कंद न उपटता ते खात्रीने सांगता येते का? तिन्ही जागची पाने पातोळ्यांना चालतील का? कंद कधी काढावेत आणि घरच्या घरी पूड कशी करावी? आणि औषध म्हणून जे उपयोग सांगितले जातात, त्यांतले कोणते निर्धास्तपणे करावेत? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

प्रतिसाद

ताई, वर्णन इतके नीट केले आहे की बरेचसे त्यावरूनच सांगता येते. मी वनस्पतिशास्त्र शिकवतो, म्हणून प्रथम एक मूळ गोष्ट सांगतो. आपली हळद, म्हणजे कुर्कुमा लोंगा, बी धरत नाही. तिच्या पेशींत गुणसूत्रांचे तीन संच असतात आणि त्यामुळे ती वंध्य आहे. हजारो वर्षे माणसाने कंद लावूनच ती पुढे नेली आहे. याचा अर्थ असा की रानात, उतारावर, आपोआप पसरलेले झाड हळदीसारखे कितीही दिसले तरी ते हळद असण्याची शक्यता फार कमी. उलट घराजवळ, मोरीच्या ओलीवर, केळींच्या सोबतीला असलेले झाड कोणीतरी हाताने लावलेले असते आणि न काढलेल्या कंदांतून दरवर्षी फुटत राहते. आपल्या सासूबाईंनीच ती लावली असणार. झाड कोठे उभे आहे, हीच ओळखीची पहिली खूण आहे, आणि पुस्तकांत ती सहसा सांगितलेली नसते.

आता एकेक जागा घेऊ. गडग्याकडचा तो कचोराच. पानावरचा तांबूस जांभळा पट्टा आणि पाने येण्याआधी जमिनीतून, पानांच्या बाजूला निघणारा तुरा या दोन खुणा एकत्र आल्या की ती हळद नाही याबद्दल शंका उरत नाही. हळदीचा तुरा पानांच्या झुबक्याच्या मधून निघतो, तोही पावसाळ्याच्या उत्तरार्धात, आणि त्याचा शेंडा पांढुरका, कधी किंचित गुलाबी झाक असलेला असतो. फुले फिकट पिवळी असतात. उतारावरची ती रानहळद, कुर्कुमा स्यूडोमोन्टाना. भारतीय द्वीपकल्पाच्या डोंगरांपलीकडे ही जाती जगात कोठेही आढळत नाही. तिचा कंद लहान असतो आणि मुळांच्या टोकांना गाठी लोंबतात. ती आहे तेथेच राहू द्यावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे, कारण कंदांसाठी ओरबाडल्यामुळे अनेक ठिकाणांहून ती कमी झाली आहे.

राहिली मोरीकडची झाडे. ती हळदच वाटतात, पण आंबेहळदीची पाने जवळजवळ अशीच असतात आणि दोन्ही शेजारी शेजारी लावलेल्या असू शकतात. तेथे मात्र कंद पाहावा लागेल. झाड उपटू नका. कडेची माती बोटांनी सारून एक लहान नखाएवढा तुकडा काढा. आतला रंग गडद नारिंगी पिवळा असेल तर हळद. आत फिकट पिवळसर आणि वासाला कच्च्या कैरीसारखा असेल तर आंबेहळद.

प्रतिसाद

वरील माहितीला एक जोड देतो. कापलेल्या कंदावर खायचा ओला चुना लावला की हळद लगेच लालभडक होते. हळदीतले कुर्कुमीन हे पिवळे रंगद्रव्य क्षाराच्या संगतीत लाल होते, आणि हळदीपासून कुंकू तयार होते ते याच गुणामुळे. मात्र या परीक्षेवर एकटीवर विसंबू नये. तिच्यातून कुर्कुमीन आहे एवढेच कळते, आणि ते हळदीच्या इतर भाईबंदांतही कमीअधिक असते.

आजोबांनी उतारावरच्या कंदांबद्दल दिलेला इशाराही गंभीरपणे घ्यावा. अशाच जागी पावसात कळलावी उगवते. तिच्या पानाचे टोक ताण्यासारखे वळलेले असते आणि फुले लाल-पिवळी, ज्वाळांसारखी असतात, त्यामुळे झाड उभे असताना गफलत होत नाही. पण पाने वाळल्यावर नुसते कंद खणले तर होऊ शकते, आणि तो कंद प्राणघातक विषारी आहे.

प्रतिसाद

मी सांगलीकडचा, घरी पिढ्यान्‌पिढ्या हळदीची शेती. काढणी आणि पूड यांविषयी लिहितो.

आमच्याकडे लागण अक्षय्य तृतीयेच्या सुमारास सुरू होते आणि पीक आठ ते नऊ महिन्यांनी तयार होते. तुमच्याकडची झाडे मृगात फुटली असतील तर माघ-फाल्गुनापर्यंत थांबा. पाने पिवळी पडून जमिनीवर लोळली, पूर्ण वाळली, की कंद पक्का झाला. त्याआधी काढलेल्या हळदीला वजन नसते आणि रंगही उतरत नाही. खणल्यावर मधला मोठा गड्डा म्हणजे जेठा गड्डा, आणि त्याला फुटलेली बोटे म्हणजे हळकुंडे. दोन्ही वेगळे करा, कारण ते शिजायला वेगवेगळा वेळ घेतात. चांगले निरोगी गड्डे पुढच्या लागणीसाठी बेणे म्हणून बाजूला काढा.

पुडीसाठी हळद शिजवून घेणे उत्तम. पुष्कळ जण कच्ची हळद किसून उन्हात वाळवतात; थोडी असेल तर तेही चालते, पण टिकाऊ आणि एकसारख्या रंगाची पूड हवी असेल तर शिजवण्याला पर्याय नाही. शिजवल्याने कंदाची फुटण्याची शक्ती जाते, आतला स्टार्च शिजून रंग सगळीकडे सारखा पसरतो आणि वाळायला निम्माही वेळ लागत नाही. धुतलेली हळकुंडे पातेल्यात बुडतील एवढ्या पाण्यात ठेवा. फेस येऊन हळदीचा वास सुटला की एक काढून पाहा. बारीक काडी टोचल्यावर अडखळल्याशिवाय आत गेली की उतरवा. कमी शिजली तर आत कडक राहते, जास्त शिजली तर रंग मळतो. मग स्वच्छ फरशीवर किंवा ताडपत्रीवर कडक उन्हात वाळवा, रात्री झाकून ठेवा. दहा-पंधरा दिवसांनी हळकुंड मोडले की खणखणीत आवाज येतो. तेव्हा ती गोणपाटात घालून घासली की वरची साल निघते, तेच घरगुती पॉलिश. वजन मात्र ओल्या हळदीच्या पाचव्या हिश्शाच्या आसपासच उरते, हे आधीच लक्षात असू द्या, नाहीतर हिरमोड होतो.

सांगलीची हळद, वर्धा जिल्ह्यातली वायगावची हळद आणि हिंगोलीकडची वसमतची हळद या तिन्हींना भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. तरीही परसातल्या हळदीला कमी लेखू नका. बाजारच्या पुडीत रंगासाठी लेड क्रोमेट मिसळल्याचे प्रकार उघड झाले आहेत, आणि शिसे लहान मुलांच्या मेंदूला कायमची इजा करते. घरी दळलेल्या हळदीत ती धास्ती नाही.

प्रतिसाद

पातोळ्यांसाठी पाने हळदीचीच घ्या. कचोऱ्याच्या पानाला उग्र कापरासारखा वास असतो आणि तो तांदळाच्या पिठीला लागतो. मोरीकडच्या प्रत्येक झाडाची बाहेरची, पूर्ण उमललेली एक-दोन पानेच कापावीत. मधले कोवळे सुरळीचे पान कापले तर झाडाची वाढ खुंटते आणि कंद लहान राहतो. पान धुऊन त्यावर पीठ पातळ थापायचे, गूळ-खोबऱ्याचे सारण ठेवून पान मिटायचे आणि मोदकपात्रात उकडायचे. आमच्या गोव्यात नागपंचमीलाही पातोळ्या होतात, आणि ख्रिस्ती घरांत १५ ऑगस्टला मरियेच्या स्वर्गारोहणाच्या सणालाही होतात. पान दोन्हीकडे हळदीचेच. लोणी कढवताना शेवटी पानाचा तुकडा टाकला की तुपाला सुरेख वास येतो. पुढे कंद निघाले की थोडी ओली हळद बाजूला काढून लिंबाच्या रसात, आले आणि हिरव्या मिरचीबरोबर लोणचे घाला. आंबेहळद निघाली तर तिचेही लोणचे उत्तम होते. पूड करण्यात मात्र ती वाया घालवू नये.

प्रतिसाद

मी वैद्य आहे, म्हणून औषधी उपयोगांपुरते लिहिते. किरकोळ कापल्यावर हळद दाबणे, घसा धरल्यावर हळद घातलेले गरम दूध किंवा हळद-मिठाच्या गुळण्या, आणि मुका मारावर आंबेहळदीचा गरम लेप, हे घरगुती उपयोग निर्धास्तपणे करावेत. खोल जखमेत मात्र स्वयंपाकघरातली पूड भरू नये. ती निर्जंतुक नसते. जखमेवर हळद लावणे आपल्याकडे इतके जुने आहे की त्यासाठी अमेरिकेत १९९५ मध्ये दिलेले पेटंट आपल्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने जुने दाखले सादर करून १९९७ मध्ये रद्द करवून घेतले. आपल्या आज्या-पणज्या जे सहज करत होत्या त्याचा हा लेखी मान आहे, असे मी समजते. कचोरा आणि आंबेहळद दिवाळीच्या उटण्यात घालतात, तेव्हा गडग्याकडचे कंदही उपयोगाचेच आहेत. वाळवून, कुटून ठेवावेत.

सावधगिरी हवी ती मोठ्या मात्रेत. रोजच्या आमटी-भाजीतली हळद आणि कुर्कुमीनच्या गोळ्या या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अशा गोळ्यांमुळे यकृताला इजा झालेल्या रुग्णांच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील, पित्ताशयात खडे असतील किंवा गरोदरपण असेल, तर स्वयंपाकापलीकडे हळद घेण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.

धागाकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे मोरीकडच्या झाडांची माती सारून पाहिली. केळीच्या बाजूच्या झाडांचा कंद आत गडद नारिंगी निघाला आणि चुना लावताच लाल झाला. मोरीच्या टोकाकडच्या झाडांचा कंद मात्र फिकट आहे आणि त्याला कैरीचा स्पष्ट वास आहे. म्हणजे दोन्ही खरोखरच शेजारी शेजारी लावलेल्या आहेत. रानहळदीला आम्ही हात लावणार नाही. त्या उतारावर यंदा गवतही काढणार नाही. आता एकच प्रश्न उरतो : पाने वाळल्यावर हळद आणि आंबेहळद यांतली सीमा दिसणार नाही, तर काढणीच्या वेळी त्या मिसळू नयेत यासाठी काय करावे?

प्रतिसाद (सांगलीकडून)

पाने हिरवी आहेत तोवर आत्ताच दोन्हींच्या मधोमध चिऱ्यांची एक ओळ जमिनीत अर्धी गाडून ठेवा. काठ्या रोवू नका. पावसात कुजतात किंवा ढोरे पाडतात. सीमेवरची झाडे सर्वांत शेवटी काढा आणि त्यांचा प्रत्येक गड्डा मोडून वास घ्या, कारण कंद जमिनीखाली एकमेकांच्या हद्दीत घुसलेले असतात. ज्याच्याबद्दल शंका वाटेल तो पुडीत न घालता लोणच्यात घाला. दोन्हींचे बेणे सावलीत, वेगवेगळ्या कोपऱ्यांत रचून वाळलेल्या हळदीच्या पाल्याने झाकून ठेवा, आणि पुढच्या वर्षी आंबेहळद हळदीपासून दूर, परसाच्या दुसऱ्या टोकाला लावा.