'खाद्य समुद्रशैवालाची भुकटी' : खाद्य काय, शैवाल की भुकटी?

प्रश्न : फेसपॅकच्या माहितीपत्रकाचा अनुवाद करताना मी 'खाद्य समुद्री शेवाळ पावडर' असे लिहिले. संपादकांनी 'शेवाळ' खोडले आणि 'खाद्य'पुढे 'लेप खायचा आहे का?' असा शेरा मारला. योग्य शब्द कोणता?

उत्तर : 'शेवाळ' हे संस्कृत 'शैवाल'चेच मराठी रूप असल्याने ते चूक नाही, पण त्या शब्दासरशी विहिरीच्या पायरीवरचा निसरडा हिरवा थर डोळ्यांपुढे येतो, आणि बोलताना भिंतीवरच्या मॉसलाही आपण शेवाळच म्हणतो. समुद्रातल्या तपकिरी, तांबड्या व हिरव्या जातींसाठी म्हणून 'समुद्रशैवाल' बरे. 'समुद्री गवत' मात्र टाळावे, कारण ती फुले येणारी निराळीच वनस्पती आहे. (तांबड्या शैवालापासून काढलेल्या आगरला 'चायना ग्रास' म्हणून आपण हा घोळ आधीच घालून ठेवला आहे.)

संपादकांचा शेरा खोचक असला तरी अडचण खरी आहे. 'खाद्य' हे विशेषण शैवालाच्या जातीचे आहे, परंतु तुमच्या शब्दरचनेत ते सरळ पावडरीला जाऊन चिकटते. अलारिया एस्क्युलेंटा या तपकिरी शैवालाच्या नावातला दुसरा शब्द लॅटिनमध्ये 'खाण्याजोगी' असाच अर्थ सांगतो; ते शैवाल क्रीममध्ये घातले तरी नाव बदलत नाही, आणि क्रीम काही खाण्याजोगे होत नाही. तेव्हा 'खाद्य जातीच्या समुद्रशैवालाची भुकटी' असे फोड करून लिहावे.

'चूर्ण' म्हटले की औषध आठवते, 'पूड' म्हटले की मसाला. 'भुकटी' तटस्थ आहे. खरी चूक होते ती 'अर्क' लिहिल्याने. भुकटी म्हणजे वाळवून दळलेले अख्खे शैवाल. तपकिरी जातीच्या भुकटीत पाणी घातले की ती फुगते आणि तिच्यातल्या अल्जिनेट या चिकट घटकामुळे लेप बुळबुळीत होतो. अर्कात मात्र द्रावकात उतरलेले घटकच येतात. म्हणूनच लॅमिनारिया डिजिटाटा या तपकिरी शैवालाचे घटकसूचीत 'लॅमिनारिया डिजिटाटा पावडर' आणि 'लॅमिनारिया डिजिटाटा एक्स्ट्रॅक्ट' हे दोन स्वतंत्र घटक धरले जातात.

प्रश्न : मग स्पिरुलिनाच्या हिरव्या भुकटीलाही समुद्रशैवाल म्हणावे का?

उत्तर : नाही. व्यापारात तिला सर्रास शैवाल म्हणतात, पण स्पिरुलिना हा सायनोबॅक्टेरिया, म्हणजे जिवाणूंचा एक प्रकार आहे, आणि तो क्षारयुक्त सरोवरांत वाढतो. तेथे नुसते 'स्पिरुलिनाची भुकटी' लिहावे.